वाचकवसुली

मुंबईहून निघालेली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्यास पोहोचली आणि पुढील वर्षी कल्याणास गेली, या घटनेचे जे नानाविध परिणाम इतिहासकारांनी सविस्तर नोंदविले आहेत त्यांत एका परिणामाची नोंद अनवधानाने राहून गेली आहे. तो असा की, या लोहमार्गाच्या दुतर्फा कालांतराने जी वस्ती झाली तिच्यात लिहिणाऱ्यांची संख्या वाचणाऱ्यांच्या संख्येहून अधिक होऊन बसली. हे विधान मी खानेसुमारीच्या आधारे करीत नाही, कारण खानेसुमारीचा प्रगणक दारात उभा राहून दूरचित्रवाणी, मोटार आणि संडास यांची चौकशी करतो, घरात अप्रकाशित हस्तलिखिते किती आहेत हे विचारीत नाही. परंतु ठाण्याचा नौपाडा, डोंबिवलीचे रामनगर किंवा कल्याणचा टिळक चौक यांपैकी कोठल्याही इमारतीचा जिना चढून पाहावा. प्रत्येक मजल्यावर एक कवी, एक प्रवासवर्णनकार आणि आत्मचरित्र सिद्ध असलेला एक सेवानिवृत्त अधिकारी सापडतो, आणि या तिघांनाही एकच विवंचना असते, की आपले वाचणार कोण.

दोष त्यांचा नाही. ही भूमीच तशी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 सालचे, ठाण्याचा ‘अरुणोदय’ 1866 सालचा. ज्या गावात मिठाच्या व्यापारात असलेल्या विनायक लक्ष्मण भावे यांनी मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणारे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले आणि समानधर्मी मंडळींसह 1 जून 1893 रोजी मराठी ग्रंथ संग्रहालय उभे केले. ज्या गावाच्या नाट्यगृहाला गडकऱ्यांचे नाव आहे. ज्या शेजारगावात पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक भाजी आणायला पिशवी घेऊन निघत आणि त्यामुळे लेखक हा आपल्यासारखाच दिसणारा प्राणी असतो असा धोकादायक समज दोन पिढ्यांत पसरला. अशा मुलखात माणसाला लिहावेसे वाटणे हा हवामानाचा परिणाम समजला पाहिजे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यास 1960, 1988 आणि 2010 असे तीनदा भरले आणि 2017 साली डोंबिवलीस भरले. त्या डोंबिवलीच्या मांडवात पुस्तकांच्या गाळ्यांपुढून हिंडताना एक दृश्य मी वारंवार पाहिले: एखादा गृहस्थ गाळ्यावर येई, चारी दिशांना नजर टाकी, खालच्या थरातले एक पुस्तक हळूच उपसून वरच्या थरावर एका ज्ञानपीठविजेत्याच्या डोक्यावर ठेवी, दोन पावले मागे सरून ते कसे दिसते हे पाही आणि मग अगदी अपरिचित ग्राहकाच्या मुद्रेने तेच पुस्तक उचलून “वा!” असे मोठ्याने म्हणे. गाळेवाला काही बोलत नसे. त्याने दुपारपासून तसे पुष्कळ ग्राहक पाहिलेले असत.

पूर्वीच्या ग्रंथकारांनाही वाचकाची चिंता होतीच, पण तिचे स्वरूप निराळे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ काढली आणि बव्हंशी स्वतःच्या एकट्याच्या लेखणीवर तिचे 84 अंक चालविले. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ काढून कादंबरी प्रकरणाप्रकरणाने अशी सोडली, की पुढच्या आठवड्यापर्यंत वाचकाने हातातले काम टाकून वाट पाहावी. त्या काळची नियतकालिके चाळली तर संपादकाचा सारा करुणरस थकबाकीदार वर्गणीदारांस उद्देशून केलेल्या विनंत्यांत सापडतो. म्हणजे वाचक होता, वाचीतही होता, फक्त पैसे देत नव्हता. आज परिस्थिती नेमकी उलटली आहे. आजचा ग्रंथकार पैसे मागतच नाही. स्वखर्चाने पुस्तक छापतो, स्वहस्ते ‘सप्रेम भेट’ असे लिहितो, स्वतः जिना चढून ते पोहोचते करतो, आणि इतके झाल्यावर फक्त वाचावे एवढीच विनंती करतो. आणि नेमकी तीच गोष्ट कोणाला परवडत नाही.

या मामल्याचा कायदेशीर पाया मला प्रथम समजावून दिला तो आमच्या इमारतीतील भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब ठाण्याच्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले आणि डोंबिवलीस येऊन राहिले. मामलेदार कचेरीने ठाण्याच्या संस्कृतीला दिलेली देणगी कोणती, असे विचारल्यास लोक तत्काळ मिसळ असे उत्तर देतात, याचे त्यांना आयुष्यभर वैषम्य वाटत आले. त्या कचेरीच्या नावावर निदान दुसरी एक देणगी जमा व्हावी या शुद्ध हेतूने त्यांनी सेवाकालातील आठवणींचे पुस्तक लिहिले. ते प्रसिद्ध होताच त्यांनी एक नोंदवही उघडली आणि तिच्या पहिल्या पानावर चार वाचकांची नावे लिहून टाकली. 1954 च्या कायद्यान्वये प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई येथील चार ग्रंथालयांत स्वखर्चाने पाठवावयाची असते, ती ही चार नावे. “म्हणजे कसाही लेखक असला तरी चार वाचक सरकार मुक्रर करून देतं,” ते म्हणाले. त्या ग्रंथालयांवर प्रत ठेवून घेण्याचे बंधन आहे, वाचण्याचे नाही, असे मी सुचविल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि चारही नावांपुढे शेऱ्याच्या रकान्यात ‘शासकीय’ असे लिहिले.

ही नोंदवही हा मराठी वाङ्मयव्यवहारातील एक अपूर्व दस्तऐवज आहे. अनुक्रमांक, वाचकाचे नाव, सदनिका क्रमांक, प्रत दिल्याचा दिनांक, वाचनाची प्रगती आणि शेरा असे तिचे सहा रकाने. डिसेंबर 2024 मध्ये टपालखात्याने रजिस्टर बुक पोस्टाची स्वस्त सोय बंद केली, त्यामुळे परगावचे वाचक त्यांना सोडून द्यावे लागले आणि सारा जोर ठाणे, डोंबिवली व कल्याण या तीन ठिकाणांवर आला. प्रत दिल्यापासून पंधरा दिवसांनी भाऊसाहेब वाचकाच्या घरी चौकशीस जात. जमीन महसुलाच्या वसुलीत हयात घालविलेला माणूस तो. तगादा करताना आवाज कधी चढला नाही, चेहऱ्यावरचे स्मित ढळले नाही आणि चहा घेतल्याशिवाय ते उठलेही नाहीत. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. दार उघडणाऱ्या गृहस्थांचा चेहरा पाहताच त्यांची बाकी किती आहे हे माझ्याही लक्षात आले.

“काय म्हणतंय पुस्तक?” भाऊसाहेबांनी विचारले.

“छान आहे हो! फारच छान. ओघवतं लिहिलंय अगदी.”

भाऊसाहेबांनी मान डोलावली, चहा घेतला, नातवाची चौकशी केली आणि जिना उतरताना वही उघडून शेरा लिहिला: ‘न वाचता.’

“पण ते छान म्हणाले की,” मी म्हणालो.

“म्हणून तर. चौतीस वर्षं अर्जदारांचे चेहरे वाचले मी. ज्याच्याकडे कागद असतो तो कागद काढून दाखवतो, ज्याच्याकडे नसतो तो साहेबांच्या प्रकृतीची चौकशी करतो.”

त्यांच्या वर्गवारीप्रमाणे ‘चालू आहे’ असे सांगणारा वाचक प्रस्तावनेपाशी असतो. ‘एका बैठकीत संपवलं’ म्हणणाऱ्याने मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ यांच्यातला प्रवास एका बैठकीत केलेला असतो. आणि ‘आमच्या ह्यांना फार आवडलं’ असे वहिनींनी सांगितले तर पुस्तक सध्या कोणत्या डुगडुगत्या कपाटाखाली आहे, एवढाच प्रश्न उरतो. खरा वाचक एका लक्षणावरून ओळखावा असे ते म्हणत: तो चूक काढतो. ज्याने वाचलेच नाही त्याला चूक कोठून सापडणार? त्यांच्या वहीत मात्र शेऱ्याच्या रकान्यात तशी अद्याप एकही नोंद नव्हती, आणि हे शल्य त्यांना रात्री झोपू देत नव्हते.

वाचक मिळविण्याचे अन्य मार्ग त्यांनी अजमावले नाहीत असे नव्हे. आगगाडीतील वाचन हा या भागातील सर्वांत जुना मार्ग. डब्यातल्या भजनी मंडळांना जे साधते ते आपल्याला का साधू नये, या विचाराने सकाळच्या जलद लोकलीत सहप्रवाशांना आपले लेखन ऐकविणाऱ्या लेखकांची एक परंपरा येथे होती, आणि त्या परंपरेचा सारा भर पारसिकच्या बोगद्यावर होता. 1916 मध्ये खुला झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब. त्यात गाडी शिरली की अंधार होई, दूरध्वनीचे जाळे तुटे, खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही उरेना, आणि श्रोत्याला लेखकाकडे पाहण्यावाचून गत्यंतर राहत नसे. एक भावगीतकार तर आपली रचना मुंब्र्याच्या अलीकडे आरंभून बोगद्यात तिचा कळस आणीत असे. परंतु 2022 च्या फेब्रुवारीत पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. रेल्वेने या निर्णयाने प्रवाशांची किती मिनिटे वाचविली याचा हिशेब पुष्कळांनी केला. ठाणे जिल्ह्याच्या काव्याचे एक बंदिस्त सभागृह त्यात गेले याचा उल्लेख कोणी केला नाही. प्रवाशांची याबद्दल काही तक्रार आल्याचे ऐकिवात नाही.

मग राहिला तो इमारतीचा व्हॉट्सअ‍ॅप समूह. गृहनिर्माण संस्थेच्या या समूहाचा मूळ उद्देश पाण्याची टाकी, उद्वाहन आणि थकलेला देखभाल खर्च यांपुरता मर्यादित असतो. पण सर्व सदस्य तेथे असतात, बाहेर पडणे अशिष्ट मानले जाते, आणि म्हणून लेखकाच्या दृष्टीने याहून सोयीचा श्रोतृसमुदाय नाही. भाऊसाहेब रोज सकाळी पुस्तकातील एक उतारा तेथे टाकू लागले. ‘उद्या टाकी साफ होणार असल्याने पाणी येणार नाही’ आणि ‘ब विंगसमोर पांढरी गाडी कोणाची?’ या दोन निवेदनांच्या मध्ये 1982 सालच्या पैसेवारीचे हृदयद्रावक वर्णन रोज दिसू लागले. त्याखाली उंचावलेल्या पिवळ्या अंगठ्यांची ओळ उमटे. पहिल्या दिवशी मी त्यांचे अभिनंदन केले तेव्हा भाऊसाहेब खिन्नपणे म्हणाले, “अहो, आमच्या कचेरीत सही येत नसे तो माणूस अंगठा उठवी, आणि आम्ही शेजारी लिहीत असू, निशाणी डाव्या हाताचा अंगठा, मजकूर वाचून दाखविला. इथे सगळे पदवीधर अंगठे उठवतायत, आणि मजकूर वाचून दाखवायला कोणी नाही.” त्यातही एका सदस्याने टाकी साफ होण्याच्या सूचनेवर उठवावयाचा अंगठा चुकून पैसेवारीवर उठविला होता, हे पुढे त्यानेच जाहीर केले.

अनुभवी लेखक एव्हाना मला सांगतील की भाऊसाहेबांचे चुकले ते एका गोष्टीत: त्यांनी सामान्य माणसांत वाचक शोधले, लेखकांत शोधले नाहीत. त्यांचे म्हणणे खरे आहे. लेखकालेखकांत वाचनाचा जो व्यवहार चालतो तो लग्नातल्या आहेराच्या वहीप्रमाणे चोख असतो. तुम्ही माझ्या कवितासंग्रहावर चार ओळी लिहिल्यात, मी तुमच्या ललितलेखांवर पाच लिहीन. तुम्ही माझ्या प्रकाशनाला आलात, मी तुमच्या प्रकाशनाला येईन आणि पहिल्या रांगेत बसेन. तुम्ही मला ‘संवेदनशील’ म्हणालात, तुमच्या नावावर एक ‘तरल’ जमा आहे. रक्कम थोडी वाढवून परत करावयाची हा शिरस्ता असल्याने या मंडळात विशेषणांची चलनवाढ भयंकर झाली आहे. पूर्वी ‘उल्लेखनीय’ म्हटले की भागत असे, आता ‘मैलाचा दगड’ यापेक्षा कमी दिले तर माणूस बोलणे टाकतो. प्रकाशनसमारंभाविषयी काही लिहीत नाही. शाल, श्रीफळ आणि ‘वेळेअभावी पुस्तकाच्या खोलात जात नाही’ असे म्हणून स्वतःच्या पुस्तकाच्या खोलात जाणारे प्रमुख पाहुणे सर्वांच्या परिचयाचे आहेत.

भाऊसाहेब या मंडळात गेलेही होते. पण परतफेडीसाठी चौदा कवितासंग्रह घरी येऊन पडल्यावर त्यांची वृत्ती पालटली. घेतलेले वाचलेच पाहिजे हा त्यांचा जुना सरकारी बाणा. ते चौदाही संग्रह त्यांनी टिपणांसह वाचले आणि प्रत्येक कवीस चुकांची यादी पाठविली. त्यानंतर त्यांना कोणी बोलावले नाही.

आणि मग ती गोष्ट घडली. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाचा एक चांगला प्रघात पाडला आहे. आपले वाचून झालेले पुस्तक द्यावे आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्याचे घ्यावे. तेथे हिंडताना भाऊसाहेबांना आपले पुस्तक दिसले. उघडून पाहतात तो आत त्यांचेच हस्ताक्षर: ‘सप्रेम भेट’, खाली इमारतीतल्याच एका गृहस्थांचे नाव आणि दिनांक. मी शेजारीच होतो आणि सांत्वनाची दोन वाक्ये मनात जुळवीत होतो. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता. त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली, त्या गृहस्थांच्या नावापुढे ‘फेरफार’ असे लिहिले आणि म्हणाले, “नियमात काय आहे? वाचून झालेलं पुस्तक द्यावं. म्हणजे वाचून झालंय.” कायद्याचा हा अन्वयार्थ इतका उदार होता की मला वाद घालवेना.

ते पुस्तक त्यांनी दुसरे एक देऊन सोडवून आणले आणि घरी येऊन चाळू लागले. रात्री साडेदहाला माझ्या दाराची घंटा वाजली. भाऊसाहेब दारात उभे होते, हातात पुस्तक उघडे, चष्मा कपाळावर, डोळे पाणावलेले. सातबाराच्या उताऱ्याविषयीच्या प्रकरणात ‘पिकांची नोंद गाव नमुना सातमध्ये असते’ असे एक वाक्य छापले गेले होते, आणि त्याच्या समासात बारीक, टोकदार पेन्सिलीने कोणी लिहिले होते: ‘चूक. सात हा अधिकार अभिलेख. पिके बारामध्ये.’

“पान एकशे अठरा आहे हे,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. “एकशे अठरापर्यंत आला हा माणूस.”

वाक्य मुद्रकाच्या हातून बिघडले, की जुळणी करणाऱ्याच्या, की खुद्द अव्वल कारकुनाच्या, या प्रश्नाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. दुसऱ्याच दिवसापासून त्या पेन्सिलीचा तपास सुरू झाला. ज्यांच्या नावे भेट होती त्या गृहस्थांनी आपण पुस्तकाला हात लावला नसल्याचे शपथेवर सांगितले, आणि यावेळी त्यांच्यावर विश्वास ठेवणे भाग होते. त्यांनी ते आपल्या मेहुण्यांकडे ठाण्यास नेऊन ठेवले होते. मेहुण्यांनी शेजाऱ्यांना, शेजाऱ्यांनी कल्याणच्या एका आजोबांना दिले होते, आणि आजोबांच्या घरून ते रद्दीबरोबर की पाहुण्याबरोबर गेले याबद्दल घरात दोन मते आहेत. भाऊसाहेबांनी या सर्व हस्तांतरणांची साखळी वहीत दिनांकवार उतरविली आहे. साखळीत जे जे कोणी येतात त्यांच्याकडे ते जातात, चहा घेतात आणि काही निमित्ताने त्यांच्याकडून कागदावर दोन शब्द पेन्सिलीने लिहून घेतात. अक्षर अजून कोणाचे जुळलेले नाही. दुसऱ्या आवृत्तीचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी सांगितले की ती चूक आपण दुरुस्त करणार नाही. उलट प्रत्येक प्रकरणात तशी एकेक घालण्याचा विचार आहे.

या तपासाला साहाय्य व्हावे म्हणून, आणि भाऊसाहेबांच्या भाषेत, पुढील मजकूर येथे देत आहे. तमाम लोकांस या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण येथे वास्तव्य करणाऱ्या ज्या कोणा इसमाने वर वर्णन केलेल्या पुस्तकाच्या पृष्ठ 118 वर पेन्सिलीने हरकत नोंदविली असेल, त्याने ही सूचना प्रसिद्ध झाल्यापासून 15 दिवसांच्या आत समक्ष हजर होऊन उर्वरित पृष्ठांवरील हरकती लेखी सादर कराव्यात. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचाही आनंदाने विचार केला जाईल. तसेच प्रस्तुत लेख ज्यांनी येथवर वाचला असेल त्यांनी कृपा करून तो छान आहे असे मला कळवू नये. कोणते वाक्य लांबले, कोठे कंटाळा आला आणि कोणता तपशील चुकला तेवढे सांगावे. पेन्सिलीने सांगितले तरी चालेल.